जुनी स्टीलची टूरिंग सायकल : आधी अंगवळणी पाडा, मग पार्ट बदला. पटतंय का?

घाटचढ्या (सातारा)
आत्याच्या मिस्टरांनी ८० च्या दशकात इंग्लंडहून येताना आणलेली टूरिंग सायकल गेल्या दिवाळीत माझ्याकडं आली. फ्रेमवर रेनॉल्ड्स ५३१ चा (म्हणजे तिच्या स्टीलच्या नळ्यांच्या जातीचा) स्टिकर अर्धा उडालेला, २७ इंची चाकं, खाली वळलेलं हँडल, आणि गिअरच्या दांड्या हँडलवर नाहीत तर फ्रेमच्या तिरक्या नळीवर. दहा वर्षं सरळ हँडलची हायब्रिड चालवलेला माणूस मी, पहिल्या दिवशी राजवाडा ते पोवई नाका एवढ्यात दोनदा चेन पडली आणि मान आखडली ती वेगळीच. घरी येऊन यादी केली, हँडल बदलायचं, गिअर बदलायचे, सीट बदलायची. पैसे नव्हते म्हणून राहिलं आणि तेच बरं झालं.

कारण या दांड्यांना नव्या गिअरसारखं टक टक नसतं. दांडी जरा जास्तच ओढायची, चेन वर चढली की केसभर मागं सोडायची, आणि कर्रकर्र थांबेपर्यंत कान लावायचा. पंधरा दिवस शिव्या घातल्या, आता हात आपोआप जातो. वळायचं म्हणाल तर हायब्रिड खड्डा दिसला की चटकन वळायची, ही आधी विचार करते मग वळते, तेव्हा नजर लांब ठेवायला शिकावं लागतं. आणि गंमत म्हणजे मागच्या कॅरिअरला दहा किलो तांदूळ बांधून आणला त्या दिवशी ही सायकल पहिल्यांदा गुण्यागोविंदानं चालली, रिकामी असताना जे पुढं डुगडुगल्यासारखं वाटायचं ते गायबच. ओझ्यासाठीच बनवलीय ना.

मानेचा इलाज फुकटात झाला. हँडलच्या उभ्या नळीवरचा बोल्ट सैल केला, वर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीनं एक ठोका, आतली पाचर सुटली, हँडल दोन बोटं वर घेतलं (नळीवर मर्यादेची रेघ असते तिच्या वर काढू नका, तोंडावर आपटाल).

तर माझं मत, पहिले ५०० किमी कायपण बदलायचं नाही. स्टीलचा जो मऊपणा आहे तो नव्या सायकलीत नाही.

कार्बनराव
मऊपणा स्टीलचा नाही रे, टायरचा आहे. तुझं २७ बाय सव्वा म्हणजे साधारण ३२ मिमी रुंद टायर, तेवढाच रुंद टायर जरा कमी हवेवर माझ्या सायकलला लावला तर ती पण गादीच वाटेल. हे जुनं ते सोनं प्रकरण मला झेपत नाही. ५०० किमी म्हणे. यवतेश्वर घाट चढलायस का हिच्यावर? जुन्या सायकलींना पुढं ४२ दात्यांचं चाक आणि मागं मोठ्यात मोठं २८ चं, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला सव्वातीन मीटर. त्या चढाला गुडघ्याची वाट लागते राव. त्याला सवय नाही, गिअर लागतो.

पंप_आणि_पिशवी (मिरज)
मी कार्बनरावांच्या बाजूनं, पण वेगळ्या कारणानं. भावाची अशीच सायकल घेतली होती, फ्रेम त्याच्या मापाची, मी पाच फूट एक इंच. सगळे म्हणाले सवय होईल, तीन महिने थांबले, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं, संध्याकाळी पोळ्या लाटताना लाटणं हातात आहे की नाही कळायचं नाही. हँडल वर घेतलं, हँडल धरणारी आडवी नळी आखूड लावली, तरी फ्रेमच लांब त्याला काय करणार. अंगवळणी पडणं वेगळं आणि अंगाशी येणं वेगळं, दादा. ५०० किमीचा नियम लिहायच्या आधी माप बघा हे लिहायला पाहिजे होतं तुम्ही.

घाटचढ्या
ताई, हे १०० टक्के मान्य. माझी उंची योगायोगानं जमली त्यामुळं डोक्यातच आलं नाही.

कार्बनराव, तुम्ही रेसिंगचं गणित टूरिंगला लावताय. माझ्या सायकलला पुढं तीन चाकं आहेत, सगळ्यात लहान २८, मागं पण २८. पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा, सव्वादोन मीटरपेक्षा कमीच. बसून, गप्पा मारत, ताशी सात-आठनं कासपर्यंत जातो. मी हे आधी सांगितलं नव्हतं ती चूक माझी.

सांगलीचा_पाव्हणा
आमच्याकडं सांगली-मिरज सपाट, गिअर एकच असला तरी चालतंय 😄 पण एक सांगतो, नवीन चाक टाकायची घाई खरंच करू नका. २७ इंची रिमचं माप (टायर बसतो तिथला व्यास) ६३० मिमी, आत्ताच्या ७०० सी मापाच्या चाकाचं ६२२, म्हणजे ब्रेकचे रबर ४ मिमी खाली आणायला लागतात, आणि तेवढी खाच ब्रेकला असेलच असं नाही. मागं फ्रेमची रुंदी बहुतेक १२६ मिमी, नवीन हब (चाकाचा मधला भाग) १३० किंवा १३५. स्टील आहे म्हणून पसरवता येतं, पण जपून. आणि नळी तडकली तर गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडं अजिबात नेऊ नका, ५३१ ची नळी मधे एकदम पातळ असते, आर्कनं भोक पडेल. पितळेची झाळ देणारा जुना मिस्त्री शोधायचा.

कार्बनराव
गिअरचं मागं घेतो. ब्रेकचं बोल. पावसाळ्यात उतरलायस का?

घाटचढ्या
उतरलोय आणि खोटं बोलणार नाही. मागचं चाक मधे कधीतरी कुणीतरी बदललंय, त्याला स्टीलची चकचकीत रिम आहे. जुलैत यवतेश्वरच्या उतारावर धुकं, भुरभुर पाऊस, पुढं एक म्हैस, मी मागचा ब्रेक दाबतोय आणि रिम नुसती ओली हसतेय. पुढच्या अ‍ॅल्युमिनियम रिमवर निभावलं. म्हैस ढिम्म हलली नाही. त्यानंतर सवय केली ती एवढीच, की उतार लागायच्या आधीच ब्रेक हलका टेकवून रिम पुसून घ्यायची.

कार्बनराव
म्हणजे सायकलची खोड तू स्वतःला लावून घेतलीस. रिम बदल की बाबा! ५०० किमी कधीच झालेत तुझे.

घाटचढ्या
रिम बदलणार, हो. ते एक बदलणार. दांड्या नाही.

कार्बनराव
रविवारी सहाला पोवई नाका, तुझी मी चालवतो माझी तू चालव. पण उतारावर माझ्या मागं राहू नको, पुढं हो.

घाटचढ्या
तुम्ही माझी चालवणार म्हणजे न लागणारा ब्रेक तुमच्याकडं, मग रविवारी मागं राहायचं नाही ते तुम्ही 😄