पन्हाळा ते पावनखिंड पायी: तिथीला की १३ जुलैला, आणि तयारी काय?

मुठाकाठ
आम्ही चौघे पुण्याहून या आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालत जायचं म्हणतोय. बाजीप्रभू आणि शिवा काशीद यांना वंदन करायचं, हाच हेतू. मोठ्या मोहिमेतून न जाता स्वतंत्र जायचं आहे. तीन शंका आहेत. गुरुपौर्णिमेला जावं की १२-१३ जुलैला? दोन दिवस पुरतात का? आणि पावसात नेमकं कुठे अडतं? सगळ्यांना गडकोटांची सवय आहे, पण सलग दोन दिवस पावसात कुणी चाललेलं नाही.

जुनीकागदं
पहिल्या शंकेचं उत्तर: तिथी धरा. महाराज पन्हाळ्यावरून निसटले ती रात्र आषाढ पौर्णिमेची होती. १२ जुलै १६६० ही तारीख आपण सगळीकडे वाचतो, पण ती इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या कॅलेंडरची आहे. आजच्या कॅलेंडरात तोच दिवस २२ जुलैला येतो. म्हणून १२ जुलै धरून गेलात तर सहसा ना तिथी जुळते ना ऋतूतला नेमका दिवस. पौर्णिमेला निघून प्रतिपदेला खिंडीत पोचलात तर निदान तिथी तरी जुळते. फक्त त्या दोन दिवसांत वाटेवर मोठमोठे जत्थे असतात आणि वाड्यावस्त्यांतल्या शाळा, देवळं आधीच ठरलेली असतात. मुक्कामाची सोय किमान महिनाभर आधी बोलून ठेवा.

आणि सुरुवात थेट राजदिंडीपासून, म्हणजे गडावरून उतरणाऱ्या वाटेपासून, करू नका. आधी नेबापूरच्या शिवा काशीदांच्या समाधीवर जा. महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसलेला हा माणूस शत्रूच्या हाती गेला आणि जिवाला मुकला. त्या फसगतीत गडाला वेढा घालून बसलेल्या सिद्दी जौहरचा जो वेळ गेला, त्यावर पुढचा सगळा प्रसंग उभा आहे. तिथे डोकं टेकवल्याशिवाय पुढचं चालणं अपुरं राहतं.

पायवाट_कोल्हापूर
दोन दिवस पुरतात, पण पहिल्या दिवशी सकाळी सातला पन्हाळा सोडायला हवा. खिंडीपर्यंत अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूरहून पन्हाळा वीस किलोमीटर, एसटी मिळते, तरी आदल्या रात्री पन्हाळ्यावरच मुक्काम करा.

वाट अशी: राजदिंडी, तुरुकवाडी, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी. पहिला मुक्काम करपेवाडी किंवा पुढे आंबर्डे. दुसऱ्या दिवशी माळेवाडी, पाटेवाडी, धनगरवाडे, पांढरपाणी आणि खिंड.

लोक सर्वांत जास्त चुकतात मसाई पठारावर. पठार सपाट, लांबलचक, खुणेला झाड नाही. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि वारा इतका आडवा असतो की छत्री उलटते. छत्री घरीच ठेवा, पोंचो चालतो, पण कमरेला दोरीने बांधा. मसाई देवीच्या देवळापाशी थांबून सगळे जमल्याशिवाय पुढे निघू नका. इथून कुंभारवाडीकडे उतरणारी वाट चुकली की भलत्याच खोऱ्यात उतरता आणि दोन-तीन तास जातात. वाटेचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. धुक्यात पठाराच्या कडेकडेने चालू नका.

दुसरी अडचण भातखाचरांची. या दिवसांत रोपलागण चालू असते. वाट चिखलाची झाली म्हणून लोक बांधावर चढतात. चार माणसांनी ओला बांध तुडवला की तो खचतो, खाचरातलं पाणी वाहून जातं आणि शेतकऱ्याची मेहनत वाया जाते. चिखलातूनच चाला, पाय भरू द्या.

पायांचं नीट ऐका. ट्रेक अर्धवट सोडणारे बहुतेक दमून सोडत नाहीत, पायाची कातडी गेल्यामुळे सोडतात. सतत ओल्या मोज्यात कातडी पांढरी पडून मऊ होते आणि मग बुटाच्या शिवणीवर फाटते.
– जलरोधक जाड बूट नको. पाणी वरून आत येतं आणि बाहेर जात नाही. खालून रबरी खुंट्या असलेले कापडी बूट बरे, पाणी गाळून टाकतात.
– मोज्यांचे चार जोड. दोन चालायला, एक राखीव, एक फक्त झोपताना. झोपायचा जोड आणि कोरडे कपडे जाड प्लास्टिक पिशवीत, तिला गाठ मारून.
– निघताना बोटांच्या बेचक्यात, टाचेला आणि मांड्यांच्या आत व्हॅसलीन. रात्री पाय पुसून तासभर उघडे ठेवायचे.
– पायावर जखम असेल तर पट्टी लावून झाका. खाचरातल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) धोका असतो. नंतर ताप आला तर डॉक्टरांना चिखलातून चालल्याचं आवर्जून सांगा.

पावसात तहान लागत नाही, म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि दुपारी पायात गोळे येतात. रेनकोटच्या आत घाम निघतच असतो. दर तासाला दोन-चार घोट प्यायचंच. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही.

मुठाकाठ
फार उपयोगी, धन्यवाद. महाराज रात्री निघाले म्हणून आम्हीही रात्री चालावं असं दोघांचं म्हणणं आहे. ते जमेल का?

घाटमाथा
नको. त्या रात्री सोबत सहाशेच्या आसपास मावळे होते, रान पायाखालचं होतं. आज रात्री ओढा किती चढलाय ते टॉर्चमध्ये कळत नाही. दिवसाही नियम एकच ठेवा: पाणी गढूळ आणि गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. पाऊस थांबला की असे छोटे ओढे तास-दोन तासांत उतरतात. काठावर बसून राहण्यात कमीपणा नाही.

पांढरपाणीकडच्या दाट रानात जळवा लागतात. ओढून उपटू नका. नख कातडीला टेकवून आडवं सरकवलं की सुटतात. रक्त बराच वेळ वाहतं, कारण जळू रक्त गोठू न देणारा स्राव सोडते. कापूस दाबून धरा, घाबरू नका.

खिंडीत आता लोखंडी जिना आहे, पावसात पायऱ्या निसरड्या होतात, एकेकाने उतरा. खाली ओढ्याला जोर असेल तर वरूनच नमस्कार करा. तिथे फटाके, भोंगे, मोठ्याने घोषणा नकोत. सुमारे तीनशे जणांनी दिवसभर हीच अरुंद जागा अडवून धरली. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती त्यांच्यामुळे.

बहुतेक लोक इथेच गाडीत बसतात आणि समाधी राहून जाते. बाजीप्रभू आणि त्यांचे भाऊ फुलाजी यांच्या समाध्या खिंडीत नाहीत, विशाळगडावर आहेत. म्हणून तिसरा अर्धा दिवस हातात ठेवाच. पाय गेले असतील तर खिंडीपासून गाडीने गजापूरमार्गे गडाच्या पायथ्याशी जा. तिथून दरीवरचा पूल ओलांडून पायऱ्या चढायच्या. समाध्या गडाच्या मुख्य वस्तीपासून बाजूला, झाडीत खालच्या अंगाला आहेत. फलक चुकला तर लोक तसेच परत फिरतात, म्हणून दुकानात विचारून घ्या. फुलं न्यायची तर कोल्हापुरातूनच, प्लास्टिकशिवाय. गडावर जाण्यावर प्रशासनाचे निर्बंध असू शकतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी शाहूवाडी पोलीस ठाण्यात फोन करून खात्री करा. परतीला मलकापूरमार्गे कोल्हापूर. शेवटची एसटी किती वाजता ते चढण्याआधीच पायथ्याला विचारून ठेवा.