रंकाळा आणि घाट सगळ्यांनीच रंगवले. आता चित्राला विषय कुठून आणावा?

रविवारचा चित्रकार :
नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो आणि नोकरी सांभाळून जलरंगात चित्रे काढतो. आजवर रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा घाट आणि भवानी मंडप एवढेच विषय हाताळले. परंतु ही ठिकाणे इतक्या जणांनी, इतक्या तयारीच्या हाताने रंगवलेली आहेत की कागद ताणून बसले तरी हात आखडतो. अशा वेळी पन्हाळ्याकडे, मसाई पठाराकडे जावे की घरातल्या वस्तू समोर मांडून बसावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गंगावेशकर :
आपल्याच गावातले उदाहरण घ्या. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आले, शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार झाले आणि तरीही १९३१ मध्ये निधन होईपर्यंतच्या उत्तरायुष्यात कोटीतीर्थ तळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. त्यांची चित्रे टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. ती पाहताना तळे कोणते, यापेक्षा पाण्यावरचा उजेड कोणत्या वेळचा आहे हे शोधत राहावे. त्यामुळे घाट सोडू नका, घाटाचे ‘दृश्य’ तेवढे सोडा. नदी, देवळे, दीपमाळा असे सगळे एका कागदावर बसवण्याऐवजी चारच पायऱ्या घ्या. दगड काळा म्हणून काळा रंग घेतला की चित्र तिथेच मरते. सकाळी पायरीच्या वरच्या अंगावर आभाळाचा निळसर करडेपणा उतरलेला असतो, उभ्या बाजूला तपकिरी ऊब राहते आणि पूर ओसरल्यावर गाळाची जी रेघ उरते, ती वाळेल तशी फिकट होत जाते.

चुलीपाशी :
गंगावेशकर सरांविषयी आदर राखूनही मला वेगळे सांगावेसे वाटते. घर आणि नोकरी दोन्ही असलेल्या माणसाला सकाळचा उजेड गाठून घाटावर जाणे रोज जमत नाही, आणि आठवड्यातून एकदा गेल्यावर तो उजेड तसाच भेटेल याची खात्री नसते. मोरांडी हा इटालियन चित्रकार (१८९०–१९६४) बोलोन्या शहरातल्या आपल्या खोलीत त्याच त्या बाटल्या, सुरया आणि डबे जागा बदलून मांडत असे. दोन बाटल्यांमधली फट थोडी कमी झाली की चित्र बदलते, हे त्याच्याकडून शिकावे. आमच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब मी बरेच दिवस रंगवते आहे. खाली काजळी धरलेला, मध्ये चिंचेने घासून लखलखीत केलेला आणि तोटीपाशी हिरवट कळंक चढलेला, असे तीन तांबे एकाच भांड्यात मिळतात. मसाई पठारावर खुशाल जावे, परंतु ते सहल म्हणून.

रविवारचा चित्रकार :
दोघांचेही आभार. ताई, तांब्याची चकाकी मला कधीच साधत नाही. नारिंगी रंग लावला की बंब मातीचा दिसतो. पांढरा रंग वापरावा का?

चुलीपाशी :
पांढरा वापरू नका, कागदच कोरा ठेवा. चकाकी रंगामुळे दिसत नाही, तिच्या शेजारच्या गडद पट्ट्यामुळे दिसते. बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून जवळजवळ काळा होईल इतका दाट रंग कोऱ्या जागेला अगदी खेटून लावा आणि ती कड विरघळू देऊ नका. बाकीच्या कडा ओल्या असतानाच एकमेकींत मिसळल्या तरी चालतात. खिडकीतून आभाळ दिसत असेल तर कोऱ्या जागेवर नंतर पुसट निळा हात फिरवावा. नारिंगी फार थोडा लागतो.

गंगावेशकर :
ताईंनी सांगितलेली ही रीत ओल्या पायऱ्यांनाही चालते. एकच पथ्य पाळा, मोबाईलवरच्या फोटोवरून करू नका. फोटोत त्या गडद पट्ट्यातले रंग बहुधा बुडून नुसता काळा उरतो, आणि आपल्याला हवे असते ते नेमके त्यातच असते.