शब्दचर्चा : नदीचं वाळवंट आणि वाळवंटातली नदी

भीमाकाठ
एका पर्यावरणविषयक अंकासाठी अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीतल्या वाळूवरच्या संशोधनाचा लेख मराठीत करतेय आणि एका शब्दावर अडलेय. कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाची दारं १९६३ साली बंद झाली. तेव्हापासून वरून येणारी वाळू पॉवेल जलाशयात बसते आणि खाली सुटतं ते गार, हिरवट, नितळ पाणी. हे पाणी कॅन्यनमधल्या काठांवरची वाळू खात जातं. ती वाळू परत काठावर चढावी म्हणून १९९६ पासून अधूनमधून मुद्दाम मोठा विसर्ग करतात. पहिल्या वेळी ४५ हजार क्युसेक, सात दिवस.

मी वाक्य लिहिलं होतं : 'पूर ओसरल्यावर जागोजागी नदीचं वाळवंट पुन्हा भरून आलं.' संपादकांनी 'वाळवंट' खोडून 'वाळूचे साठे' केलं. त्यांचं म्हणणं, लेखात ॲरिझोनाचं वाळवंट आधीच आहे, वाचक गोंधळेल. शिवाय वाळवंट वाढलं ही चांगली बातमी कशी?

माझं माहेर पंढरपूरच्या अलीकडे. आमच्याकडे वाळवंट म्हणजे चंद्रभागेचं. 'वाळवंटात कीर्तन लागलंय' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे राजस्थान येत नाही. आणि 'वाळूचे साठे' वाचलं की मला तहसील कार्यालयाने जप्त केलेले ढीग दिसतात. तुम्ही काय वापराल?

शुद्धाक्षर
तुमचंच बरोबर आहे, हटू नका. वाळवंट हा शब्द नदीचा. संतांच्या अभंगांतले वैष्णव वाळवंटी नाचतात ते नदीकाठी. निर्जल प्रदेशाला आपल्याकडे मरुभूमी, मरुस्थळ हे शब्द होते. भूगोलाच्या पुस्तकांनी ते बाजूला सारून वाळवंट तिकडे नेला. लेखात 'ॲरिझोनाची मरुभूमी' करा, म्हणजे वाळवंट मोकळं होईल.

गोदातीर
मरुभूमी आज कोण म्हणतं? शाळेतल्या पोरापासून बातम्यांपर्यंत सगळे वाळवंटच म्हणतात. सहाराचं वाळवंट, थरचं वाळवंट. लोकांनी नेलेला शब्द परत ओढून आणता येत नाही. भूगोलात एक सरळ शब्द आहे : वाळूचा दांडा. तो वापरा.

सिंधुदुर्गी
आमच्याकडे पुळण. दोन अक्षरं जास्त नाहीत, कमी नाहीत, आणि ऐकताच पायाला वाळू लागते. लहानपणी 'पुळणीर जाऊन येतंय' म्हटलं की घरात पुढचा प्रश्न कुणी विचारीत नसे.

गोदातीर
पुळण समुद्राची हो काका. नाशिकचा माणूस गोदेच्या काठाला पुळण म्हणताना मी ऐकलेला नाही.

सिंधुदुर्गी
संस्कृतात पुलिन आहे ना, तो नदीकाठच्या वाळूलाच वापरतात. पुळण तिथूनच आली. म्हणजे आधी नदीची, मग समुद्राची. घाटावर शब्द हरवला म्हणून आम्ही तो समुद्रापुरता ठेवायचा का?

दगडधोंडे
मी भूशास्त्र शिकवतो, या विषयावरचं बरंच वाचलेलं आहे, म्हणून जरा लांब लिहितो. वस्तू कशी तयार होते ते पाहिलं तर 'दांडा' बाद होतो.

दांडा लांबट असतो, खाडीच्या तोंडाशी किंवा किनाऱ्याला समांतर. कॅन्यनमध्ये तसं नसतं. बाजूचे ओढे एरवी कोरडे असतात, पण मोठ्या पावसात त्यांतून चिखल आणि घरांएवढे धोंडे एकत्र लोटत येतात आणि ओढा मुख्य नदीला मिळतो तिथे पंख्यासारखे पसरतात. डिसेंबर १९६६ मध्ये क्रिस्टल ओढ्याने असाच लोंढा आणला आणि आधी सौम्य असलेली धार, म्हणजे धोंड्यांमधून उसळत जाणारा प्रवाह, नदीतल्या सर्वांत अवघड धारांपैकी एक झाली. या पंख्यामुळे नदीचं पात्र आवळतं, पाणी जोरात सुटतं. पुढे पात्र पुन्हा रुंद झालं की काठालगतचं पाणी उलटं फिरून वर येतं. वेग मंदावतो, वाळू खाली बसते. म्हणजे ही वाळू उलट फिरणाऱ्या पाण्याच्या पोटात साठते. कोलोरॅडोच्या काठी वाळू कुठे सापडेल हे बहुतेक वेळा वरचा ओढा ठरवतो.

आता पुराचं. १९९६ च्या विसर्गानंतर काठ उंच झालेले दिसले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. पण मोजमापं नीट पाहिल्यावर कळलं की वर चढलेली पुष्कळशी वाळू नदीच्या तळातून आलेली नव्हती, आधीच्याच काठांच्या खालच्या भागातून आलेली होती. तळाशी वर्षानुवर्षांची वाळू साठून राहिली असेल हा अंदाज चुकला. धरणाखाली पारिया आणि लिटल कोलोरॅडो या दोन उपनद्यांनी जी वाळू आणावी तेवढीच नवी. म्हणून पुढचे विसर्ग पारियाने पावसाळ्यात वाळू ओतल्यानंतर लगेच करायचे असं ठरलं. २००४ चा नोव्हेंबरात झाला, २०१२ पासून तर तसा क्रमच लागला. वाळू पुढे वाहून जाण्याआधी तिला काठावर चढवायचं.

म्हणून मला 'साठे' तर अजिबात पटत नाही. साठा पडून असतो. ही वाळू सतत येते आणि जाते.

भीमाकाठ
सर, हे सगळं लेखात आहे, पण पंखा आणि आवळलेलं पात्र इतकं सोपं करून मला लिहिता आलं नव्हतं. तुमची दोन वाक्यं उचलू का?

दगडधोंडे
खुशाल उचला.

फिनिक्सवासी
ॲरिझोनात राहतो, नदीतून तराफ्याने गेलोय. वल्हवणारे लोक या जागांना सरळ समुद्रकिनाऱ्याचा शब्द वापरतात. रात्रीचा मुक्काम तिथेच, दुसरीकडे तंबू ठोकायला सपाट जागाच नसते. त्यामुळे वाळू गेली की मुक्कामाच्या जागा गेल्या, हा तिथल्या लोकांचा रोजचा विषय आहे. पुळण मला आवडला.

शुद्धाक्षर यांच्या बाजूने एक सांगतो. आई साताऱ्याहून पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला फोनवर 'आम्ही वाळवंटात राहतो' असं सांगितलं होतं. विमानतळावरून घरी येताना तिने विचारलं, 'अरे, वाळू कुठाय?' इथे दगड, काटेरी झुडपं आणि दोन पुरुष उंचीचे सावारो निवडुंग. वाळूचे ढिगारे नाहीत. पाऊस फार थोडा म्हणून हे वाळवंट. शब्दात वाळू आणि जागेवर खडक, ही अडचण मला कायम जाणवते.

गोदातीर
अंटार्क्टिकालासुद्धा शीत वाळवंट म्हणतातच की. शब्द पारिभाषिक झाला की त्यातली वाळू निघून जाते. 'तेल' फक्त तिळाचं कुठे राहिलं?

वाटसरू
मुळात वाळवंटात वाळू आहे का? आमचे आजोबा वाळवंट 'वाळणे'वरून सांगत. पाणी ओसरून वाळलेली जागा ती वाळवंट. वाळवण घालतो तसं. हे घेतलं तर नदीकाठ आणि कोरडा प्रदेश दोन्हींना एकच शब्द का, हे कोडंच उरत नाही.

शुद्धाक्षर
ऐकायला गोड आहे, पण 'वंट' कुठून आणणार? संस्कृतात वण्ट् धातू आहे, वाटून देणे या अर्थाचा. वाळूचा वाटा, वाळूचा पट्टा, तो वाळवंट. नदीचं पात्र आणि पेरती जमीन यांच्यामधला वाटा.

वाटसरू
हाही तर्कच झाला. जुन्या पोथीतला पुरावा असेल तर दाखवा, नाहीतर आजोबांचा तर्क मी सोडणार नाही.

दगडधोंडे
व्युत्पत्तीत मी बोलत नाही, पण भीमाकाठ ताईंच्या लेखात कदाचित एक भाग असेल, त्याकडे लक्ष वेधतो. कॅन्यनमधल्या नदीकाठच्या वाळूचं काम काठावर संपत नाही. पाणी उतरल्यावर ती सुकते, वारा तिला उचलतो आणि उतारावर वर नेऊन टेकाडं रचतो. त्या टेकाडांखाली पूर्वीच्या माणसांच्या वस्तीच्या खुणा आहेत, धान्य भाजण्याच्या जागा आहेत, भिंतींचे पाये आहेत. वरची वाळू त्यांना पावसाच्या ओघळींपासून सांभाळते. धरणामुळे काठ झिजले तशी वाऱ्याला वाळू मिळेनाशी झाली आणि त्या जागा उघड्या पडू लागल्या. त्यात काठावर झाऊची दाटी झाली. बाहेरून आलेलं झाड, मोठे पूर थांबल्यावर फोफावलं, त्यामुळे वाऱ्याची वाट आणखी अडली. होपी, झुनी, नव्हाहो, हुआलापाय या लोकांसाठी त्या जागा पूर्वजांच्या आहेत, त्यामुळे हे प्रकरण शास्त्रज्ञांपुरतं राहत नाही.

सांगायचं ते हे की तिथे नदीचं वाळवंट हेच वरच्या कोरड्या वाळवंटाला वाळू पुरवतं. दोन्हींना एकच शब्द असणं या लेखात तरी अडचणीचं नाही, उलट उपयोगाचं आहे. 'नदीचं वाळवंट' आणि 'वाऱ्याचं वाळवंट' असं लिहा आणि संपादकांना सांगा की हाच लेखाचा विषय आहे.

भीमाकाठ
हा परिच्छेद लेखात आहे आणि तिथेच माझं भाषांतर सर्वांत अडखळत होतं! 'वाऱ्याचं वाळवंट' संपादकांना पाठवते.

गोदातीर
पण वाचकाला पहिल्या परिच्छेदात कळायला हवं, शेवटच्या नव्हे. मी अजूनही 'नदीकाठची वाळू' म्हणेन. साधं, कुणी अडणार नाही.

मळईवाला
कुणी मळई काढली नाही. आमच्या कृष्णाकाठी पुराने आणून टाकलेल्या जमिनीला मळई म्हणतात. वांगी लावावीत तर मळईतच.

दगडधोंडे
मळईत पोयटा असतो, पीक येतं. इथे निव्वळ वाळू. पोयटा आणि वाळू यांत घोटाळा केला तर पुराचं सगळं गणितच बिघडेल, कारण बारीक गाळ पाण्याबरोबर पार निघून जातो आणि काठ बांधते ती वाळू.

मळईवाला
मान्य. पण वाळवंट वाचवायला धरणातून पाणी सोडतात हे वाचून मला तुमच्या पंढरपूरचीच आठवण झाली. वारीच्या वेळी उजनीतून पाणी सोडतात ते स्नानाला. वाळू मात्र त्या पाण्याबरोबर येत नाही, वर धरणात बसते, आणि खाली आहे ती ट्रॅक्टरने जाते. वाळवंटात खड्डे पडतात, त्यांत माणसं बुडतात. शब्द कोणता ठेवायचा याची चर्चा करताय, आमच्याकडे वस्तूच चाललीय.

भीमाकाठ
खरं आहे. आजीबरोबर ज्या वाळूत बसून भजन ऐकलं तिथे आता पाय टाकताना खालचा कातळ लागतो. म्हणूनही मला हा शब्द लेखात हवाय.

फिनिक्सवासी
ताई, कॅन्यनला काय केलंत? तेही वाचायला उत्सुक आहे.

भीमाकाठ
'ग्रँड कॅन्यन' हे नाव तसंच ठेवलं. सामान्यनाम म्हणून 'घळ' लिहिलं होतं.

शुद्धाक्षर
विश्वकोशात 'निदरी' आहे. नेमका शब्द असताना घळ कशाला?

वाटसरू
निदरी कुणाच्या तोंडी आहे? घळ सह्याद्रीत प्रत्येक गुराख्याला माहीत आहे.

दगडधोंडे
घळीला लांबी-रुंदी बेताची असते. ४४६ किलोमीटर लांब आणि जागोजागी दीड किलोमीटरहून खोल असलेल्या गोष्टीला घळ म्हणणं मला जड जातं. सांधण दरीसारख्या बेसाल्टमधल्या अरुंद फटीला घळ शोभेल.

वाटसरू
मग शिस्ट या पापुद्र्यांच्या खडकाला सुभाजा कुणी म्हणतं का सांगा. तळाशी जो खडक आहे, विष्णूचं नाव दिलेला, पावणेदोनशे कोटी वर्षांचा, त्याला विश्वकोशी मराठीत 'विष्णू सुभाजा' म्हणायचं ना? शिस्ट म्हटलं की निदान भूशास्त्राच्या पोरांना कळतं.

सिंधुदुर्गी
विष्णू तिथे कसा पोचला?

दगडधोंडे
क्लॅरेन्स डटन नावाचा भूशास्त्रज्ञ १८८० च्या सुमारास तिथे काम करत होता. त्याला ती सुटी शिखरं देवळांसारखी वाटली, त्याने विष्णू मंदिर, शिव मंदिर अशी नावं दिली. पुढे ब्रह्मा, देव, मनू, बुद्धही आले. खडकाला विष्णूचं नाव त्यावरूनच मिळालं. सुभाजा मात्र मी वर्गात वापरतो. पहिल्या दिवशी पोरं बिचकतात, आठवड्यात रुळतात. त्याच सुभाजावर थेट पन्नास-बावन्न कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म बसलाय; मधली शंभर कोटींहून जास्त वर्षं तिथल्या दगडात नाहीत. याला पुस्तकात विसंगती म्हणतात आणि हा शब्द मला खटकतो, कारण रोजच्या बोलण्यात विसंगती म्हणजे बोलणं न जुळणं.

गोदातीर
'खंड' म्हणा. काळाचा खंड पडला.

शुद्धाक्षर
खंड म्हणजे आशिया खंडही. पुन्हा तोच गोंधळ.

वाटसरू
घळीवर परत येतो, ती अशी सोडू नका. दगडधोंडे सर घळ म्हणजे अरुंद दरी धरून चालले आहेत. मग शिवथरघळ आणि रामघळ? तिथे तर गुहा आहेत. घळ म्हणजे आतला पोकळ भाग की बाहेरची चिंचोळी दरी?

शुद्धाक्षर
दोन्ही. पण आधी कोणता अर्थ, हे तिथल्या गावांत काय बोलतात यावरून ठरेल. महाड, पाटण भागातलं कुणी असेल तर लिहा. गुहेला वेगळा शब्द वापरता का, आणि ओढ्याच्या चिंचोळ्या वाटेला काय म्हणता?