बहुवंशीय देश टिकतात का? मॉरिशसकडे बघून बोलूया

सह्यकडा
वेगवेगळ्या वंशांचे, धर्मांचे लोक एका देशात आले की तो देश आज ना उद्या फुटतोच, असं हल्ली फार ठामपणे बोललं जातं. पुरावा म्हणून लगेच नव्वदच्या दशकात फुटलेला युगोस्लाव्हिया पुढे येतो. माझं म्हणणं, मॉरिशसही बघा. मूळ रहिवासी नसलेलं बेट. उसाचे मळे फ्रेंच वंशाच्या घराण्यांकडे, गुलामांचे वंशज क्रिओल, गिरमिटिया म्हणजे कराराने बांधलेले मजूर म्हणून गेलेले भोजपुरी, तमिळ, तेलुगू आणि आपले मराठी, शिवाय गुजराती मुस्लिम व्यापारी आणि चिनी दुकानदार.

या बेटाचं भवितव्य कुणालाच उजळ दिसत नव्हतं. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जेम्स मीड यांचा 1961 चा अहवाल निराशेनेच भरलेला आहे. लोकसंख्या भराभर वाढतेय आणि उसापलीकडे धंदा नाही, हे त्यांचं दुखणं. 1967 च्या निवडणुकीत स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्यांना चाळीस टक्क्यांहून जास्त मतं पडली. स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना राजधानी पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुस्लिम वस्त्यांत दंगल पेटली, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं.

तरी 12 मार्च 1968 ला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर हा देश फुटला नाही. सरकारं मतपेटीतून पडली : 1982, 1995, 2014, 2024. लष्कर ठेवलेलंच नाही, त्यामुळे बंडाचाही प्रश्न आला नाही. मुख्य बेटावर 20 मतदारसंघ, प्रत्येकातून तीन उमेदवार निवडायचे आणि मतदाराला तीन मतं. एकाच समाजाचे तिघे उभे करणं बहुतेक ठिकाणी परवडत नाही, म्हणून पक्षाला जातीधर्माची मोट बांधावीच लागते. वर ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या त्यांच्या पडलेल्या उमेदवारांतून आठ जागांपर्यंत भरता येतात. याला तिथे 'बेस्ट लूझर' म्हणतात. आपलेपणा आपोआप येईल या भरवशावर कुणी बसलं नाही. नियम बांधले, म्हणून टिकलं.

दख्खनी
नियमांना एवढं श्रेय देऊ नका. लेबनॉनकडेही नियम होते. 1932 च्या जनगणनेवरून 1943 मध्ये ख्रिश्चन, सुन्नी, शिया यांच्यात पदं वाटली. लोकसंख्येचं प्रमाण बदललं, वाटणी तीच राहिली आणि 1975 पासून पंधरा वर्षं यादवी चालली. मॉरिशसच्या त्या आठ जागा कशावर ठरतात, माहीत आहे? 1972 च्या जनगणनेवर! त्यानंतर समाजनिहाय मोजणीच झालेली नाही.

मॉरिशस तरलं ते पैशामुळे. 1975 च्या लोमे करारानंतर युरोपने साखर जागतिक बाजारापेक्षा बऱ्याच चढ्या भावाने घेतली. निर्यात क्षेत्रात कपड्यांचे कारखाने आले, बायकांच्या हाताला काम मिळालं. पोट भरलं की शेजाऱ्याचा धर्म खुपत नाही. हे यश बहुवंशीयतेचं कसं?

अबोली
दख्खनी, पैसा आला हे खरं, पण तो वाटला गेला हे तुम्ही सोडून दिलंत. सगळ्या म्हाताऱ्यांना पेन्शन, तांदूळ-पिठावर अनुदान, 1977 पासून माध्यमिक शाळा फुकट. कुठल्या समाजाचे म्हणून नाही, सगळ्यांना.

माझं सासर तिथलं, मराठीच. घरात क्रिओल भाषा बोलतात, देवापुढे मराठी आरती. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून अजून नाचली जाते. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, तशीच ईदला, चिनी नववर्षाला, तमिळांच्या कावडीला. 1 फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुट्टी, 2 नोव्हेंबरला गिरमिटिया आल्याची. मराठी लोकसंख्येने मूठभर, पण मुलांना सरकारी शाळेत मराठी शिकता येतं. मूठभरांना आपली भाषा टिकेल असं वाटणं ही फार मोठी गोष्ट आहे. तिची किंमत पैशात करू नका.

काळी_माती
आणि क्रिओलांचं काय? या चर्चेत त्यांचं नाव फक्त दंगलीपुरतं आलं, म्हणून विचारतोय. 1968 च्या दंगलीनंतर वस्त्यांची अदलाबदल झाली, बरेच क्रिओल पोर्ट लुईच्या रोश ब्वा भागात आले. त्याच रोश ब्वाचा गायक काया फेब्रुवारी 1999 मध्ये पोलीस कोठडीत मेला आणि बेट काही दिवस पेटलं. तेव्हा अर्थव्यवस्था जोरात होती, दख्खनी, म्हणजे नुसत्या पैशाने भागत नाही. आणि सह्यकडा, तुमचे नियमही होतेच. गुलामांच्या वंशजांची घटनेत स्वतंत्र नोंदसुद्धा नाही. हिंदू, मुस्लिम, चिनी असे तीन समाज आणि उरलेले सगळे 'सर्वसाधारण लोकसंख्या'. मळेवाला फ्रेंच वंशज आणि त्याच्याकडे राबणारा क्रिओल एकाच रकान्यात! पंतप्रधानपद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घरांत फिरतं, 2003 ते 2005 चे पॉल बेरेंजे सोडले तर. तेही फ्रेंच वंशाचे.

सह्यकडा
काळी_माती, क्रिओलांवर अन्याय झाला, यावर वाद नाही. पण 1999 नंतर त्या आगीचं 1968 झालं नाही, हे बघा. राष्ट्राध्यक्ष कासम उतीम आणि धर्मगुरू शांततेसाठी पुढे आले आणि दीड वर्षाने, 2000 च्या निवडणुकीत, सरकार पडलं. राग काढायला मतपेटी होती. युगोस्लाव्हियात एकहाती सत्ता चालवणाऱ्या टिटोंच्या हयातीत लोकांना ती कधी मिळाली? दडपलेला राग पुढे बंदुकीतून निघाला.

दख्खनी
मतपेटी आहे, पण उमेदवाराला आपला समाज जाहीर करावा लागतो. काहींनी 2005 मध्ये नकार दिला, तर अर्ज बाद झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 2012 मध्ये त्यांच्या बाजूने मत दिलं. 2014 च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली, ती तेवढीच. ज्याला नुसतं मॉरिशियन म्हणून उभं राहायचंय, त्याला तुमचे हे नियम जागा देत नाहीत.

काळी_माती
पण दख्खनी, या जागा नुसत्या काढून टाकल्या तर पहिला फटका मुस्लिम आणि चिनी समाजाला बसेल. आधी एकूण मतांच्या प्रमाणात काही जागा द्या, मग समाजाचा रकाना काढा. उलट्या क्रमाने केलंत तर बहुसंख्याकांखाली दबून जाण्याची 1967 ची भीती परत येईल.