मदत हवी आहे : घोडा, रस्ता आणि समुद्र, तिघांना चालेल असा एक मराठी रंगशब्द

नमस्कार मंडळी,

'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यातले काही उतारे मराठीत आणते आहे आणि एका विशेषणापाशी अडले आहे. आजच्या इंग्रजीत तो शब्द 'फॅलो' असा उरलाय. कोशात पाहिलं तर आधी 'पडीक जमीन' सापडते, पण नांगरून मोकळ्या टाकलेल्या रानाचा 'फॅलो' मुळात निराळा शब्द. दोघांची रूपं पुढे एक झाली. मला हवा तो रंगाचा. वाळल्या गवतासारखा, फिकट पिवळट-तपकिरी. 'फॅलो डिअर' या हरणाच्या नावात तो अजून जिवंत आहे.

आता अडचण. काव्यात घोडे फॅलो आहेत, ते जिच्यावरून दौडतात ती वाट फॅलो आहे आणि समुद्रही फॅलोच! घोडे नि वाट समजू शकते, पण समुद्र पिवळट कसा?

थोडा उलगडा शब्दाच्या गोतावळ्यातून झाला, आणि तो सापडला तेव्हा मला फार आनंद झाला. लॅटिनचा 'पॅलिडस' म्हणजे फिकट, ग्रीकचा 'पोलिओस' म्हणजे करडा, आणि आपला संस्कृत 'पलित' म्हणजे पिकलेल्या केसांचा, हे सगळे याचे भाऊबंद. मूळचा 'प' इंग्रजीच्या घराण्यात 'फ' झाला. 'पितृ' आणि 'फादर', 'पद' आणि 'फूट' तसेच. प्राचीन ग्रीक कवी होमर 'पोलिओस' म्हाताऱ्याच्या केसांना वापरतो, तसाच समुद्रालाही. म्हणजे या शब्दांत नेमक्या छटेपेक्षा रंग उडाल्याचा, फिकुटलेपणाचा भाव मोठा असावा, असं मला वाटतं.

पण मराठीत लिहू काय? 'पलित' आयुर्वेदात केस पिकण्यासाठी रूढ आहे. 'पलित घोडे' म्हटलं तर थकलेले, म्हातारे घोडे डोळ्यांपुढे येतात आणि इथे तर ते शर्यत लावून पळताहेत. 'भुरा' घोड्याला शोभतो, समुद्राला नाही. 'मातकट' वाटेला छान, पण मातकट समुद्र म्हणजे पावसाळ्यातलं गढूळ पाणी. 'पांडुर' जवळचा वाटतो, फक्त तो पांढऱ्याकडे जास्त झुकतो.

तिन्ही जागी एकच शब्द राखावा असा माझा हट्ट आहे, कारण मुळात तो एकच आहे. तो सोडावा का? आणि घोड्यांच्या रंगांची जुनी नावं कुणाला माहीत आहेत का? अबलख, कुमैत माहीत आहेत. वाळल्या गवताच्या रंगाच्या घोड्याला काय म्हणत? तुमच्या गावाकडचा, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचा शब्द असेल तर तोही जरूर कळवा.