शनिवारी गच्चीवर कुठली रेकॉर्ड?

सी-१०१ (सेक्रेटरी): मंडळी, शनिवारी संध्याकाळी ७ वाजता गच्चीवर गाणी ऐकायला जमायचंय. ए-२०१ च्या काकू त्यांचा रेकॉर्ड प्लेअर देतायत. पहिली रेकॉर्ड कुठली, ते आजच ठरवू.

ए-२०१: माझं ठरलंय. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हरची ‘जॉन डेन्व्हर्स ग्रेटेस्ट हिट्स’, १९७३ ची. ११ गाणी, दोन्ही बाजू सलग.

बी-५०३: काकू, राग मानू नका, पण ग्रेटेस्ट हिट्स म्हणजे कंपनीने जुनीच गाणी एकत्र बांधून विकलेली. फोन स्पीकरला जोडला की झालं. प्लेअर वर चढवायची दगदग कशाला?

ए-२०१: राग कसला रे. इतरांचं तसं असेल, याचं नाही. काही जुनी गाणी त्याने या रेकॉर्डसाठी नव्याने गायली. मधल्या वर्षांत आपला गळा सुधारलाय, गाणीही मुरलीत, असं त्याला वाटत होतं. ‘लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन’ त्यानेच १९६६ मध्ये लिहिलं, पण लोकांच्या कानात बसलं ते पीटर, पॉल अँड मेरी या त्रिकूटाच्या आवाजात. १९६९ च्या डिसेंबरात अमेरिकेत पहिल्या नंबरावर होतं ते त्यांचं. आपलंच गाणं दुसऱ्यांच्या गळ्यातून गाजल्यावर हा माणूस चार वर्षांनी ते पुन्हा गायला उभा राहतो, आणि कुठेही जोर करत नाही. याला मी जुना माल म्हणणार नाही.

आमची धाकटी पहिल्यांदा परदेशी गेली, त्या रात्री विमानतळावरून घरी यायला दोन वाजले. यांनी काही न बोलता प्लेअरचं झाकण उघडलं. हे गाणं पहिल्या बाजूचं शेवटचं. ते संपलं तरी सुई आतल्या रिंगणात घुमत राहिली, खर्र... खर्र... उठून ती उचलावी असं आम्हा दोघांनाही वाटेना.

ए-३०३: काकू 🙏 तो स्वतःच विमान अपघातात गेला ना?

ए-२०१: हो, १२ ऑक्टोबर १९९७. छोटं विमान स्वतः चालवत होता, कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या उपसागरात कोसळलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी ती बाजू लावलीच नाही.

डी-४०२ (मेरीलँड): इकडे अमेरिकेत आत्ता सकाळ झालीय. याच रेकॉर्डवरच्या ‘कंट्री रोड्स’ची सुरुवात आमच्याच भागातली! इथल्या क्लॉपर रोडवरून गाडीने जाताना ते बिल डॅनॉफ या गीतकाराला सुचलं. पुढे १९७० च्या डिसेंबरात वॉशिंग्टनला तो, त्याची जोडीदार गायिका टॅफी निव्हर्ट आणि डेन्व्हर यांनी मिळून ते पुरं केलं. गंमत म्हणजे गाणं वेस्ट व्हर्जिनियाचं, पण त्यातले ब्लू रिज डोंगर आणि शेनान्डोआ नदी त्या राज्याच्या पूर्व टोकाला जेमतेम शिवतात. तरी त्या राज्याने २०१४ मध्ये ते आपल्या राज्यगीतांत घेतलं.

ए-३०३: याला कंट्री (तिकडचं गावाकडचं संगीत) म्हणायचं की पॉप?

ए-२०१: तिकडच्या कंट्रीवाल्यांचंही यावरून वाजलं होतं. १९७५ मध्ये त्यांच्या संघटनेने डेन्व्हरला वर्षाचा कलाकार ठरवलं, तेव्हा नाव जाहीर करणाऱ्या चार्ली रिच या कंट्री गायकाने स्टेजवरच त्या कागदाला लायटर लावला! मला विचारशील तर गिटार, डोंगर, घराची ओढ, सगळं त्यात आहे. नाव काहीही दे.

बी-५०३: काकू, ‘जेट प्लेन’ डेन्व्हरनेच गायलेलं १९६९ चं आणि १९७३ चं, दोन्ही आत्ता लागोपाठ ऐकली. तुमचं बरोबर आहे. दुसऱ्यात आवाज भरलाय. प्लेअर मी आणतो, वॉचमनदादांना हाताशी घेतो.

ए-२०१: आडवाच धर, तिरका करू नकोस. सुईचा दांडा मी दोऱ्याने बांधून ठेवते. आणि दुसऱ्या बाजूला ‘सनशाइन ऑन माय शोल्डर्स’ लागलं की गच्चीवरचा मोठा दिवा बंद करा, टाकीजवळचा तेवढा राहू दे.

सी-१०१ (सेक्रेटरी): ठरलं. सतरंज्या क्लबरूममधून घेतो. एक्स्टेन्शन बोर्ड कुणाकडे आहे?

डी-४०२ (मेरीलँड): माझ्या फ्लॅटमध्ये, दाराच्या मागे. किल्ली काकूंकडेच आहे. कुणीतरी व्हिडिओ कॉल लावा, प्लीज.