मदत हवी आहे : ट्रॉली ओढण्यासाठी आणि कुटुंबासाठी जुनी एसयूव्ही

आम्ही इंदूरला राहतो. घरात आई-बाबा धरून सहा माणसे असून केटरिंगच्या भांड्यांची छोटी ट्रॉलीही (भरल्यावर सुमारे 700 किलो) गाडीमागे जोडून लग्नसराईत बडवाह, ओंकारेश्वरकडे न्यावी लागते, त्यामुळे भेरूघाटाचा चढ-उतार झेपेल अशी सात आसनी, डिझेलवर चालणारी जुनी गाडी घ्यायचा विचार आहे.

टाटा हेक्सा आणि महिंद्रा एक्सयूव्ही500 या दोन्हींचे इंजिन 2.2 लिटरचे असले, तरी हेक्साचा सांगाडा वेगळ्या शिडीसारख्या चौकटीवर उभा आहे आणि एक्सयूव्हीचा नाही. ओढकामाला म्हणूनच मला हेक्सा अधिक योग्य वाटते. मात्र तिचे उत्पादन 2020 मध्ये थांबल्याने सुट्या भागांची धास्ती आहे. इनोव्हा क्रिस्टा उत्तमच, पण तिचे जुन्या बाजारातील भाव ऐकून बाबा गप्पच बसतात!

ज्यांनी अशी गाडी ट्रॉलीसह घाटात चालवली आहे, त्यांनी क्लच आणि ब्रेक यांचा अनुभव कृपया सांगावा. पूर्वी ओढकाम केलेली गाडी तपासताना मागच्या चौकटीखेरीज आणखी काय पाहावे? तसेच ट्रॉलीची आरटीओ नोंदणी आणि विमा यांची प्रक्रिया येथे कोणी अलीकडे पूर्ण केली आहे का?